परतीच्या खुणा

परतताना पहिल्याच वळणावर दगड विखुरलेले दिसले. मस्कतमागच्या या उघड्याबोडक्या डोंगरात पायवाट सोडून झरा शोधायला निघताना, परतीची खूण म्हणून मी दर वळणावर पाच-सहा दगड एकावर एक रचले होते. झरा आटलेला निघाला. बाटलीत दोनच घोट उरले होते आणि समोरच्या तिन्ही घळी सारख्याच दिसत होत्या.

"दगड कुणी पाडले?" मी ओरडलो.

"मीच!" मागून धापा टाकत आलेले बाबा हसले. साताऱ्याहून ते पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. "तुझ्या मागून येता येता सगळीकडचे पाडले. लांबून, एकेका दगडात. नेम आहे अजून!"

"अहो, आता वाट कशी सापडणार?"

त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, माझ्यासाठी लगोरी रचत चाललायस. लहानपणी अंगणात रचून हाका मारायचास ना, 'बाबा, या ना खेळायला'..."

मारायचो. रोज. बाबा एकदाही बाहेर आले नाहीत. त्यांना ऐकू जात नसेल, अशीच मी इतकी वर्षं स्वतःची समजूत घालत आलो होतो.