उजवं बाळ

नवव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत यंत्राने निकाल सांगून टाकला. ऋजुताच्या पोटात जुळी होती, छातीला जोडलेली, आणि दोघांत हृदय एकच. पोटातच वेगळं केलं तर डावं जाईल, पण उजवं ऐंशी वर्षं जगेल. नाहीतर दोघंही जन्मून तासाभरात जातील.

“संमती देताय ना?” डॉक्टर हळूच म्हणाल्या.

“डाव्याला दुखेल का हो?”

“नाही. इतक्या लवकर काहीच कळत नाही.”

ऋजुताने डोळे मिटून संमतीच्या पडद्यावर अंगठा टेकवला.

पुढे मुलगी झाली, अगदी धडधाकट. बारशाला ऋजुताने तिला पाळण्याच्या उजव्या कडेला निजवलं.

“वहिनी, मध्ये ठेव ना बाळाला,” नणंद म्हणाली.

“राहू दे,” ऋजुता म्हणाली, “जागा सोडून निजायची सवय आहे तिला.”