हिरवा पट्टा

"पट्टा हिरवा आहे मॅडम. बाळ मजेत आहे," शिकाऊ नर्स केतकी पाळण्याकडे न बघताच म्हणाली.

तिला शिकवणाऱ्या मृदुलाताईंच्या मस्तकात तिडीक गेली. तान्ह्या बाळांचं मन वाचणारे हे पट्टे आल्यापासून असंच चाललं होतं. मुलींना बाळाच्या चेहऱ्याकडे बघायला शिकवायचा तास राहू द्या, म्हणून त्यांनी अभ्यासक्रम ठरवणाऱ्या समितीपुढे घसा कोरडा केला होता. समितीने तो तासच काढून टाकला.

पाळण्यात सहा महिन्यांचा ओजस छताकडे बघत पडला होता. आई आजारी असल्यामुळे त्याला या शिशुगृहात ठेवलं होतं.

"हा शेवटचा कधी रडला?"

"परवापासून रडलाच नाही. इतका शहाणा आहे!"

"शहाणा कसला! रडून कुणी जवळ घेत नाही, म्हणून त्याने आपला नाद सोडलाय."

त्यांनी त्याला उचलून छातीशी धरलं आणि त्याच्याशी बोलत राहिल्या. बऱ्याच वेळाने त्याने त्यांच्याकडे पाहिलं. ओठ थरथरला आणि त्याने टाहो फोडला. पट्टा लालभडक झाला. मृदुलाताईंच्या जिवात जीव आला.

केतकीने धावत येऊन बाळ काढून घेतलं.

"काय हे मॅडम! चांगला हिरवा होता की!"

ओजसला तिने परत पाळण्यात ठेवलं आणि पट्टा हिरवा व्हायची वाट बघत उभी राहिली.