नळीतलं कोकम

सासूबाईंच्या नाकातल्या नळीतून औषध देण्याआधी सिरिंज थोडी मागे ओढायची आणि पोटात काय आहे ते बघायचं, असं हॉस्पिटलातल्या सिस्टरनी मला शिकवलं होतं. करंज्याच्या बंदरावर आयुष्यभर ओरडून मासळी विकलेली ही बाई. पण अर्धांगवायूनंतर आमच्या पनवेलच्या फ्लॅटवर आणल्यापासून चार महिने तोंडून शब्द नाही, तोंडात घास नाही. नळीतून फक्त दूध, पेजेचं पाणी आणि कुटलेल्या गोळ्या.

सोमवारी दुपारी सिरिंजमध्ये गुलाबी पाणी आलं. रक्त असेल म्हणून मी घाबरले, पण वास कोकमाचा होता. थोड्या वेळापूर्वी मी कोकमाचं सार प्यायले होते.

मंगळवारी चहा आला. माझाच, आलं घातलेला.

"पेजेच्या भांड्यात सांडला असेल गं," तळोज्याहून ड्युटी करून आलेला माझा नवरा प्रणित म्हणाला. मी सगळी भांडी उकळून काढली.

बुधवारी मी सकाळपासून काही खाल्लं नाही. पाण्याचा घोटही घेतला नाही. कोणाला सांगितलंही नाही.

दुपारी लोडशेडिंगमुळे पंखा बंद होता. मी सिरिंज ओढली. ती कोरडीच राहिली, तेव्हा मला हायसं वाटलं. गोळी कुटली, पाण्यात विरघळवली आणि सिरिंज नळीला लावली.

तेवढ्यात त्यांच्या लुळ्या हाताने माझं मनगट धरलं.

"आदी तू जेव गो," सासूबाई म्हणाल्या. "उपाशीपोटी गोली नको मना."