उरलेले नऊ काळ

चौऱ्याण्णव सालच्या दिवाळीत नववीतली पिंकी लोणंदहून मामाकडे मेढ्याला आली आणि शेजारच्या नाथाजी गुरुजींपुढे इंग्रजीचं पुस्तक घेऊन बसली. साधे तीन काळ तिने धडाधड सांगितले आणि मान खाली घातली.

"अन् पुढचे नऊ?"

"भोईटे सर वर्गात तीनच शिकवत्यात. बाकीचे शिकवणीला. शिकवणी न्हाई लावली, तर सहामाहीत नेमकं तेच घालून नापास केलं. वर म्हणत्यात, बापाला सांग, म्हैस इक. आता बाबा शाळाच बंद करत्यात."

गुरुजींच्या तोंडातलं पान कडू झालं. ते त्यांनी अंगणात थुंकून टाकलं.

"असल्याच्या हातात खडू? शी! गुरं तरी बरी," म्हणत त्यांनी शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावाने तक्रार लिहायला घेतली.

पिंकी घाबरली. "आवं गुरुजी, नगा! मला तर सरांचं पुरतं नाव बी ठावं न्हाई."



गुरुजींनी तिला न विचारताच लिहिलं, 'श्री. साईराज नाथाजी भोईटे.'