वळणावरच्या धापा

या वर्षी मी दोन गोष्टी मनावर घेतल्या होत्या. तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गापर्यंत न थांबता चढायचं, आणि सातवीच्या डोक्यात अपूर्णांकांचा भागाकार घालायचा. भागाकारासाठी सुट्टीत प्रशिक्षणसुद्धा केलं, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी. चढणं मात्र रोज सकाळी चालून चालून आज जमलं. एरवी जिन्याच्या वळणावर कठडा धरून धापा टाकत उभी राहणारी मी, आज थेट वर्गाच्या दाराशी पोचले.

आतून माझाच आवाज येत होता. मागच्या बाकावरची आगाऊ कार्टी फळ्यापाशी कमरेवर हात ठेवून, अगदी माझ्यासारखी धापा टाकत उभी होती. वर्ग खिदळत होता. माझं डोकंच फिरलं.

“अर्धा मीटर रिबिनीचे पाव पाव मीटरचे तुकडे केले, तर किती होतील, बाळांनो?” कार्टीने माझ्या आवाजात विचारलं.

“दोन!”

“मग एक छेद दोनला एक छेद चारने भागलं की?”

“दोनच!” वर्षभर तोंड न उघडलेला एक जण ओरडला. “हात्तिच्या! एवढंच होतं होय?”

माझा जीव भांड्यात पडला. पण आत पाऊल टाकलं असतं, तर सगळ्यांची बोबडी वळली असती. मी पाय न वाजवता वळणापर्यंत खाली उतरले आणि वर ऐकू जाईल अशा धापा टाकायला लागले.

“बाई आल्या!” कुणीतरी ओरडलं.

“अजून वळणावरच आहेत,” कार्टी म्हणाली. “तेवढ्यात आणखी एक गणित होईल.”

मी दोन गणितं होतील इतक्या धापा टाकल्या.