बिनचेहऱ्याचा डाव

मोबाइलवर शाल्मलीला चार इस्पिकं दिसत होती. पाचवं आलं तर डाव तिचा, पण ते यायची शक्यता पाचात एक. समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असणार. नुसत्या नशिबावर पुढे जाणं परवडणारं नव्हतं. सगळ्या चिप्स लावल्या तर मात्र तो घाबरून पानं टाकेलही, डाव सोडून देईल. ऑनलाइन पोकरमध्ये चेहरा दिसत नाही, हे एक बरं होतं.

तिनं सगळं लावलं. समोरचा विचारच करत बसला.

तेवढ्यात नवरा चहा घेऊन आला. "पुन्हा पोकर?"

"छे, ऑफिसचं काम. सोडलंय म्हटलं ना."

समोरच्यानं पानं टाकली. शाल्मली जिंकली, पण तिनं चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

त्यानं टेबलावर कप ठेवला. चहा काही स्थिर होईना. त्यानं टेबलाखाली पाहिलं.

"ऑफिसच्या कामात तुझा पाय कधी हलत नाही," तो म्हणाला.