अपील

"कॅच होता तो," धैर्यशील पुन्हा म्हणाला. "आईशप्पथ सांगतो रफीकभाई, तुम्ही घाण केलीत."

"बॉल जमिनीला लागला," रफीक म्हणाला. "मी अगदी जवळ उभा होतो."

हे चाललं होतं आयसीयूच्या बंद दारासमोर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. आत सुमेध होता, नळ्या लावलेला. आज शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, आखातातल्या शुवैखच्या मैदानावर मॅच होती. कंपनीतल्या अमेरिकन साहेबाने सगळ्यांना ज्याच्या नादी लावलं होतं तो फुटबॉल, लिंबाच्या आकाराच्या चेंडूचा. सुमेधने धावत जाऊन चेंडू झेलला, रेषेपलीकडे पडला, तो उठलाच नाही. आता भांडून काय उपयोग, हे दोघांनाही कळत होतं. पण गप्प बसलं की दारामागचं मशीन ऐकू यायचं. त्यापेक्षा भांडण बरं.

रफीकच्या अंगात अजून रेफ्रीचा काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट होता. गळ्यातली शिट्टी काढायचंही त्याला सुचलं नव्हतं. मूळचा रत्नागिरीचा, टेनिस बॉल क्रिकेट खेळण्यात जवानी घालवलेला. गुडघे गेले म्हणून रेफ्री झाला आणि नव्या खेळाचे नियम पोपटासारखे पाठ केले. "पडल्यावरही बॉल हातात राहिला पाहिजे," तो म्हणाला. "नियम आहे. मी काय करू?"

"नियम गेला खड्ड्यात!"

शेजारच्या खुर्चीवर सुमेधची बायको, अक्षदा, बसली होती. फोन आला तेव्हा ती स्वयंपाक करत होती, तशीच निघून आली. बोटांना अजून हळद होती. ती म्हणाली, "पकडला होता का त्याने?"

रफीक गडबडला. "पकडला होता, भाभी. पण सुटला."

दार उघडलं. शामला सिस्टर बाहेर आल्या. त्या अमरावतीच्या, म्हणून निदान मराठीत तरी विचारत होत्या. "मैदानात कोण होतं? पडल्यापासून छाती दाबायला सुरुवात करेपर्यंत मध्ये किती वेळ गेला?"

"लगेच धावलो ना सिस्टर," धैर्यशील म्हणाला.

"लगेच म्हणजे? डॉक्टरांना नक्की हवंय. मेंदूचा प्रश्न आहे."

धैर्यशीलने रफीककडे पाहिलं, रफीकने जमिनीकडे. "आठवून ठेवा, मी येते," म्हणून सिस्टर आत गेल्या.

तेवढ्यात धैर्यशीलचा फोन टुणटुणला. मॅचचा ग्रुप. भांडण चालू असतानाच घरी गेलेल्यांना वाटत होतं की सुमेधला नुसती चक्कर आली. नझीरने मैदानाच्या कडेवरून काढलेला व्हिडिओ टाकला होता, खाली लिहिलं होतं, 'बघा आणि सांगा, कॅच की नाही?' कुणीतरी लगेच उत्तर दिलं होतं, 'सुमेधला बरं वाटलं की त्यालाच विचारू.'

"बघू," अक्षदा म्हणाली.

"काही नाही वहिनी, मॅचचं आहे."

"मॅचमध्येच पडलाय ना तो?"

तिने फोन हातातून घेतलाच. सुमेध पळत होता, नेहमीसारखा कोपरं बाहेर काढून. ते पाहून तिला क्षणभर हसूच आलं. मग तो उडाला, चेंडू छातीशी घेतला, पडला. चेंडू घरंगळला. रफीकने दोन्ही हात आडवे फिरवले, कॅच नाही. झालं, सगळे धावून आले आणि तोंडाला तोंड लागलं. सगळ्यांत मोठा आवाज धैर्यशीलचा. मित्रासाठी इतका जीव तोडून भांडताना त्याला कुणी पाहिलं नव्हतं.

त्या सगळ्यांच्या पायांमागे सुमेध पडलेला दिसत होता. एक हात छातीवर. दुसरा त्याने वर केला होता.

अक्षदाने तिथेच व्हिडिओ थांबवला. "हा हात का वर केलाय?"

धैर्यशीलने फोन परत घ्यायला हात पुढे केला.

"भाऊजी, मी तुम्हाला विचारतेय."

"अपील करतोय असं वाटलं, वहिनी," धैर्यशील म्हणाला. "आपण क्रिकेटवाले. हात वर केला म्हणजे अपील. आम्हाला वाटलं, कॅच मागतोय. मी म्हटलं, बघा, तोही मागतोय, मग मी कशाला सोडू? म्हणून आणखी भांडलो."

"या खेळात अपील नसतं," रफीक पुटपुटला. हे त्यानेच सगळ्यांना पहिल्या दिवशी बजावलं होतं. हात वर केलेले चालणार नाहीत, म्हणून दमही दिला होता.

अक्षदाने फोन त्याच्यासमोर धरला. "हे तुम्ही. तो तुमच्याकडेच बघतोय. आणि तुम्ही मान हलवताय. काय सांगताय त्याला?"

रफीकने शिट्टी मुठीत घट्ट धरली. त्याला खोटं बोलायचं होतं, अगदी मनापासून बोलायचं होतं. जमलं नाही.

"नाही म्हणालो, भाभी."

दार पुन्हा उघडलं. "कळलं का, किती वेळ गेला?" शामला सिस्टरनी विचारलं.

अक्षदा उठली आणि त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली. हळदीच्या बोटाने तिने व्हिडिओ पुन्हा सुरू केला, चेंडू घरंगळला तिथून. धैर्यशीलने तोंड फिरवलं, पण त्याचाच आवाज कॉरिडॉरभर घुमू लागला. कॅच होता, कॅच होता. सिस्टर मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या. वर केलेला हात खाली पडला. सिस्टरनी मान वर करून अक्षदाकडे पाहिलं.

"थांबा सिस्टर," ती म्हणाली. "अजून भांडतायत."